16 टक्क्यांची डावी किडनी

शेतकरी, वय 46, उंची 164 सेंटीमीटर, वजन 52 किलो. गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. दीडेक वर्षापासून कमरेत डाव्या बाजूला अधूनमधून ठणका. तो मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळीने दबत असे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती गोळी रोजची झाली. पुढे जेवण जाईना, सकाळी मळमळ, वावरात दोन चकरा मारल्या की दम. तालुक्याला रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 2.4, हिमोग्लोबिन 10.2, पोटॅशियम 5.1. सोनोग्राफीत डावी किडनी फुगून 12.8 सेंटीमीटर, आत लघवी तुंबलेली, कडेचा थर सर्वांत पातळ जागी 6 मिलिमीटर. उजवी आकसून 8.6 सेंटीमीटर. बिनडायचा सीटी स्कॅन काढला तेव्हा डाव्या मूत्रवाहिनीच्या अगदी वरच्या टोकाला 13 मिलिमीटरचा खडा सापडला.

माझ्या दवाखान्यात हा शेतकरी आला तेव्हा हातात एक चिठ्ठी होती: डावी किडनी निकामी, काढून टाकण्याचा सल्ला. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"सायेब, डावी काढून टाकू म्हन्तात. एका किडनीवर मानूस जगते ना?"

जगतो. दान केलेल्या किडन्यांचे दाते वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. पण त्यांची उरलेली किडनी धडधाकट असते. या माणसाची उरणार होती ती आकसलेली उजवी, आणि तिच्यात दम किती आहे हे चिठ्ठीत कुठेच नव्हतं.

चिठ्ठी लिहिणाऱ्याची चूक काढायचा हेतू नाही. फुगलेली किडनी, पातळ थर, जुना खडा: हे चित्र पाहून पुष्कळ जण त्याच निष्कर्षाला येतात. पण सोनोग्राफी आकार दाखवते. किडनी किती रक्त गाळते हे सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत नाही. सहा मिलिमीटर थराची किडनी मेलेली असू शकते आणि नुसती दबलेलीही असू शकते. क्रिएटिनिनची अडचण वेगळी. तो दोन्ही किडन्यांचा मिळून एकच आकडा देतो. सूत्रात घातला तर 2.4 क्रिएटिनिनचा अर्थ या वयाच्या पुरुषात दर मिनिटाला साधारण 33 मिलिलिटर गाळणी, म्हणजे जीएफआर 33. त्यातलं डावीचं किती, उजवीचं किती? ते रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टात येत नाही. शिवाय क्रिएटिनिन बनतो स्नायूंमधून. 52 किलोच्या काटकुळ्या माणसात तो मुळात कमी बनतो, त्यामुळे किडनी आहे त्यापेक्षा बरी भासते. आमच्या भागात हे कायम ध्यानात ठेवावं लागतं; लॅबच्या छापील मर्यादा भरल्या अंगाच्या माणसाला जास्त लागू पडतात.

जुन्या पद्धतीने डाय टोचून फोटो काढायचा म्हटला, तर 2.4 क्रिएटिनिनवर आयोडीनचा डाय घालणं म्हणजे आहे त्या किडनीला आणखी धक्का, आणि एवढ्या कमी कामावर फोटोत धड काही उमटतही नाही. राहिला एकच सरळ मार्ग, न्यूक्लिअर स्कॅन. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, त्याच्या गावापासून आणखी लांब. तरी पाठवायचं ठरवलं.

स्कॅनमध्ये होतं काय

टेक्निशियम-99एम हा किरणोत्सारी पदार्थ डीटीपीए नावाच्या रेणूला बांधतात आणि हाताच्या शिरेतून टोचतात. डीटीपीए शरीरात कुठे रुजत नाही, फारसा कशाला चिकटत नाही. किडनीच्या गाळणीतून गळतो आणि लघवीत उतरतो. रुग्ण पाठीवर निजलेला, टेबलाखाली गामा कॅमेरा. टेक्निशियममधून 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गामा किरण निघतात, ते कॅमेरा टिपतो. पहिल्या मिनिटात रक्त पोचताना दिसतं, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात किडनी किती माल उचलते ते दिसतं, आणि पुढच्या वीसेक मिनिटांत तो खाली कसा उतरतो ते. डावी आणि उजवी अशा दोन वेगळ्या रेषा कागदावर येतात. सगळी मौज त्या दोन रेषांत आहे.

जीएफआर काढायची कॅमेऱ्याची पद्धत 1982 सालची, गेट्स यांची. टोचण्याआधी भरलेली सिरिंज कॅमेऱ्यासमोर मोजतात, टोचल्यावर रिकामी मोजतात, आणि टोचलेल्या मालापैकी किती टक्के दुसऱ्या ते तिसऱ्या मिनिटात किडन्यांनी उचलला त्यावरून गाळणीचा वेग काढतात. किडनी पाठीपासून किती खोल आहे याचा अंदाज उंची-वजनावरून. त्यामुळे सेंटरवाले उंची-वजन विचारतात तेव्हा अंदाजे सांगू नये. काट्यावर उभं राहावं. फुगलेली किडनी जागेवरून सरकलेली असते, तिथे हा खोलीचा हिशेब आणखी ढिला पडतो. सुईच्या जागी माल बाहेर झिरपला तर तपासणीच बाद. याहून नेमकी पद्धत म्हणजे टोचल्यावर दोन आणि चार तासांनी रक्त काढून मोजणं, पण त्याने दोन्ही किडन्यांची बेरीजच कळते, वाटणी नाही, आणि आम्हाला वाटणीच हवी होती.

डीटीपीएला भावंडं आहेत. ईसी आणि मॅग-थ्री ही गाळणीपेक्षा मुख्यतः नलिकांमधून बाहेर टाकली जातात, किडनी ती जास्त झपाट्याने उचलते, म्हणून काम घटलेल्या किडनीत चित्र जास्त स्वच्छ येतं. डीएमएसए किडनीच्या बाहेरच्या थरात जाऊन बसतो. दोन-तीन तासांनी फोटो काढला की कुठे वण आहे ते कळतं. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या लहान मुलांत तो फार कामाचा. आम्ही सुरुवातीला डीटीपीए घेतला कारण गाळणीचा आकडा हवा होता आणि तो स्वस्तात होतो. एवढ्या कमी जीएफआरवर आधीच ईसी घ्यायला हवा होता असं म्हणणारे नेफ्रॉलॉजिस्ट भेटतील. त्यांचं चूक नाही.

प्रवासाच्या आधीची बोलणी

पहिली शंका त्याला स्वतःबद्दल नव्हतीच. थोरली लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना.

"थे अणूचं इंजेक्शन घेऊन घरी आलो, तं माह्या लेकीले काही होईन काय?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर "काही होत नाही" असं वाऱ्यावर सोडून चालत नाही. टेक्निशियमचं अर्धायुष्य 6 तास. म्हणजे दर सहा तासांनी निम्मं. चोवीस तासांनी सोळावा हिस्सा, आणि त्यातलंही बरंच आधीच लघवीवाटे गेलेलं. 5 मिलिक्युरी डीटीपीएमधून रुग्णाच्या अंगावर पडणारा डोस साधारण 1 मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट असेही मिळतात, आणि त्याने आधीच काढलेल्या पोटाच्या सीटीचा डोस या स्कॅनच्या कितीतरी पट होता. त्याची भीती कुणालाच वाटली नव्हती. लेकीसाठी सांगितलं ते एवढंच: त्या रात्री तिच्याजवळ खेटून तासन्‌तास बसू नका, पाणी भरपूर प्या, लघवीला वरचेवर जा, संडासात पाणी नीट ओता, हात धुवा. दुसऱ्या दिवसापासून काही पथ्य नाही. वेगळी ताटवाटी लागत नाही, वेगळी खोली लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. गावाकडे कुठलीही मोठी तपासणी उपाशीपोटीच असते असा समज पक्का आहे. त्यात पहाटेची एसटी, रस्त्यात लघवीची पंचाईत, म्हणून माणूस आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतो. या स्कॅनला नेमकं उलटं हवं. सुकलेल्या शरीरात किडनी लघवी राखून ठेवते, रेषा उतरत नाही, आणि नसलेला अडथळा कागदावर दिसतो. मूत्राशय तुडुंब असला तरी तेच. म्हणून चिठ्ठीवर ठळक लिहिलं: जेवून जा, स्कॅनच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्या, टेबलावर चढण्याआधी लघवी करा. तरी गडी कोरड्या तोंडाने पोचलाच. तिथल्या टेक्निशियनने ओठ बघून ओळखलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि नंबर मागे ढकलला. चांगला टेक्निशियन असा असतो.

तारीखही एकदा पुढे गेली होती. टेक्निशियम साठवून ठेवता येत नाही. सेंटरमध्ये मॉलिब्डेनम-99 चा जनरेटर असतो, त्यातून ते रोज सकाळी काढतात. मॉलिब्डेनमचं स्वतःचं अर्धायुष्य 66 तास, त्यामुळे जनरेटरही आठवड्याभरात मंदावतो आणि नवा मागवावा लागतो. तो यायला उशीर झाला की त्या दिवसाचे रुग्ण उद्यावर. मॉलिब्डेनम बनतं जगातल्या मोजक्या अणुभट्ट्यांत. 2009-10 मध्ये कॅनडातली आणि नेदरलँड्समधली भट्टी दुरुस्तीसाठी बंद पडली तेव्हा जगभरच्या सेंटरांना टंचाई सोसावी लागली होती. दर्यापूरच्या माणसाची फेरी लांबण्याचं कारण कधीकधी एवढ्या दुरून निघतं. त्याला ते सांगून उपयोग नव्हता. रोज बुडाला एवढंच त्याच्या हिशेबात आलं. म्हणून आता मी रुग्णाला सांगतो, आदल्या संध्याकाळी सेंटरला फोन केल्याशिवाय घर सोडू नका.

पहिला रिपोर्ट

एकूण जीएफआर 31. उजवी 26, डावी 5. वाटणी 84 आणि 16 टक्के. डाव्या बाजूची रेषा चढतच राहिलेली, उतार नाही.

क्रिएटिनिनच्या सूत्राने 33 आणि स्कॅनने 31. गेट्सच्या पद्धतीतली ढिलाई धरता हे एकच. दोन स्वतंत्र रस्त्यांनी आकडा जुळला की स्कॅन तांत्रिकदृष्ट्या बरा झाला असा भरवसा येतो. जुळला नसता तर मी आधी सेंटरला फोन केला असता आणि मग रुग्णाला बोलावलं असतं.

घरच्यांनी रिपोर्ट गावातल्या कुणा शिकलेल्या मुलाकडून वाचून घेतला होता. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला होता की डावी किडनी शंभरातली सोळा टक्के चालते आणि उजवी चौऱ्याऐंशी टक्के, म्हणजे उजवी जवळजवळ चांगली! हा घोळ शिकल्यासवरल्या लोकांचाही होतो, आणि डॉक्टर मंडळी त्याला अपवाद नाहीत. मी त्याला शेताच्या भाषेत विचारलं: भाऊ, दोन भावांच्या सामाईक वावरातल्या तुरीत एकाचा हिस्सा चौऱ्याऐंशी टक्के आहे. तो श्रीमंत की गरीब? तो लगेच म्हणाला, "पिकलं किती थे सांगा आधी." तेच. टक्का हा हिस्सा आहे. एकूण पीक किती हे जीएफआर सांगतो. धडधाकट तरुण माणसात एकेक किडनी मिनिटाला पन्नास-साठ मिलिलिटर गाळते. त्याची उजवी 26 वर होती. चौऱ्याऐंशी टक्क्यांचा मानकरी स्वतः निम्म्यावर आलेला.

आता काढण्याचा प्रश्न. सर्वसाधारण व्यवहारात वाटणी दहा टक्क्यांच्या खाली असेल आणि दुसरी किडनी चांगली असेल, तर त्रास देणारी किडनी काढण्याकडे कल असतो. सोळा टक्के या रेषेच्या वर, पण फार वर नाही. मला आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची वाटली. हा स्कॅन झाला तेव्हा खडा जागेवर होता, किडनी आतून दाबाखाली होती. दाबाखालची किडनी गाळणी आवरून घेते. तिच्यात किती जीव शिल्लक आहे हे दाब उतरवल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी डावीची 5 ही तिची कुवत होती की कोंडमारा, हे रिपोर्ट सांगू शकत नव्हता. आणि काही रिपोर्टांच्या शेवटी "नॉन-फंक्शनिंग" असा शिक्का मारून देतात तो इथे मारला नव्हता, हे त्या सेंटरच्या डॉक्टरांचं शहाणपण.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो खोटा नाही: मग आधी स्कॅन कशाला, सरळ नळी टाकून दाब उतरवायचा आणि सहा आठवड्यांनी एकदाच स्कॅन करायचा. ताप असता, लघवीत पू असता, पोटॅशियम आणखी चढलेलं असतं, तर तसंच केलं असतं. तुंबलेल्या किडनीत संसर्ग झाला तर स्कॅनची वाट बघत बसणं जिवावर बेततं. पण तो स्थिर होता, आणि काढून टाकायचा सल्ला घेऊन आलेल्या घराला पाठीत नळी घालून दीड महिना थांबा हे पटवायला माझ्याकडे काहीतरी हवं होतं. शिवाय आधीचा आकडा नसता तर नंतरचा कशाशी ताडून पाहिला असता?

नळी

अमरावतीच्या युरॉलॉजिस्टने तेवढ्या जागेपुरती भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, डाव्या कमरेतून किडनीत बारीक नळी सोडली. पीसीएन म्हणतात तिला. बाहेर पिशवी. गोळ्या बंद, डायक्लोफेनॅकच काय, त्या जातीची कुठलीच नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल.

घरी मी एकच काम दिलं. पिशवीतलं पाणी रोज मापाच्या बाटलीत ओतून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकटीत लिहायचा. हे काम त्याच्या बायकोने घेतलं. पहिल्या काही दिवसांत तुंबलेलं बाहेर पडतं, ते धरायचं नाही. पण पुढेही चौकटीत 600, 650, 700 मिलिलिटर असे आकडे येत राहिले. रोज चारशेच्या वर लघवी देणारी किडनी सहसा सोडून द्यायची नसते. ही बाई दुसऱ्या भेटीत म्हणाली, "नळीतून इतकं पानी येते, तं थे मेली कशी म्हनाव?" स्कॅनच्या आधीच तिने निदान केलं होतं. अर्थात नुसत्या पाण्यावर जाऊ नये. खराब नलिकांतून पाणी भरपूर आणि कचरा थोडा असंही होतं, म्हणून नळीतल्या लघवीचा क्रिएटिनिनही तपासला. तो बऱ्यापैकी होता.

नळीची निगा हा गावातला खरा पेच. उन्हाळा तोंडावर, घामाने पट्टी सुटते, आणि माणूस घरी बसत नाही. हरभऱ्याचं खळं चालू असताना पिशवी कमरेला बांधून तो वावरात उभा होता हे मला नंतर कळलं. नळी निसटली नाही हे नशीब.

सहा आठवड्यांनी दुसरा स्कॅन. मी दोन अटी घातल्या होत्या: सेंटर तेच, औषध तेच. पहिल्यांदा डीटीपीए आणि दुसऱ्यांदा ईसी, किंवा पहिल्यांदा एका सेंटरला आणि दुसऱ्यांदा दुसरीकडे, असं केलं की फरक किडनीत पडला की मापात, हे सांगता येत नाही.

एकूण जीएफआर 39. उजवी 27, डावी 12. वाटणी 69 आणि 31. क्रिएटिनिन 1.9 वर उतरलेला. सूत्राने त्याचा अर्थ साधारण 43.

सोळाचे एकतीस टक्के झाले म्हणून घरात आनंद झाला, पण मी टक्क्याकडे आधी बघितलंच नाही. उजवी ढासळली असती तरी डावीचा टक्का वाढलाच असता, डावी होती तिथेच राहूनही. म्हणून आधी उजवीचा स्वतःचा आकडा पाहिला: 26 चा 27, म्हणजे जागेवर. मग डावीचा: 5 चा 12. मापातली चूक धरूनही ही वाढ खरी होती. आणि क्रिएटिनिन त्याच दिशेला साक्ष देत होता.

आता चिठ्ठीतल्या सल्ल्याचा हिशेब मांडता येत होता. डावी काढली असती तर त्याच्याकडे उरली असती 27 जीएफआरची उजवी. क्रॉनिक किडनी आजाराच्या पायऱ्यांत 15 ते 29 ही चौथी पायरी. तिथून पुढे डायलिसिसची बोलणी सुरू होतात. दोन्ही ठेवून 39, म्हणजे तिसऱ्या पायरीचा खालचा अर्धा भाग. डावीचे बारा मिलिलिटर धडधाकट माणसाच्या हिशेबात कुणी मोजले नसते. या माणसाला त्यांनी एक अख्खी पायरी वर धरलं होतं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी गाव सोडायची वेळ त्यामुळे किती लांबेल याला कॅलेंडर नाही, पण लांबेल हे नक्की.

खडा त्याच वाटेने, कमरेतून दुर्बीण घालून काढला. कॅल्शियम ऑक्सलेटचा निघाला. शस्त्रक्रिया बिनबोभाट झाली. तिच्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पुन्हा एकदा घाबरणं

तीन महिन्यांनी तालुक्याला नेहमीची सोनोग्राफी केली. रिपोर्टात लिहून आलं: डावीकडे मध्यम हायड्रोनेफ्रोसिस कायम. नळी निघालेली, खडा गेलेला, तरी किडनी फुगलेलीच. रुग्ण रिपोर्ट घेऊन थेट दवाखान्यात, चेहरा उतरलेला.

वर्ष-दीड वर्ष ताणलेली किडनीच्या आतली लघवीची पिशवी खडा गेला म्हणून लगेच आकसत नाही. कधीकधी ती आयुष्यभर ढिली राहते. फुगलेली आहे का हा प्रश्न नव्हताच. लघवी वाहते का हा होता. याचं उत्तर तिसऱ्या स्कॅनने दिलं. या वेळी मुद्दाम ईसी घेतला, कारण आता गाळणीचा आकडा नको होता, वाहण्याची रेषा स्वच्छ हवी होती. विसाव्या मिनिटाला लॅसिक्सचं, म्हणजे लघवी वाढवणारं, इंजेक्शन. लघवीचा लोंढा आला की ढिल्या पिशवीतला माल धुऊन निघतो. खरा अडथळा असेल तर निघत नाही. किडनीतला माल निम्मा व्हायला लागलेला वेळ दहा मिनिटांच्या आत असेल तर रस्ता मोकळा, वीसच्या वर असेल तर अडथळा, मधलं सगळं संशयित.

उजवी 7 मिनिटं. डावी 17. म्हणजे नेमकी त्या मधल्या पट्ट्यात.

अशा वेळी रिपोर्टचा शेवटचा ओळीभर निष्कर्ष वाचून थांबलं की चुकतं. काम घटलेली किडनी लॅसिक्सला दांडग्या किडनीसारखी दाद देत नाही. लोंढाच बारीक येतो, मग पिशवी सावकाश धुतली जाते. ढिली पिशवी मोठी, प्रवाह लहान, त्यामुळे सतरा मिनिटं लागली तरी रस्ता मोकळा असू शकतो. सेंटरने एक चांगलं काम केलं होतं: रुग्णाला उठवून लघवी करायला लावली, थोडं फिरवलं, आणि उभं करून पुन्हा एक फोटो घेतला. त्यात डाव्या पिशवीतला बहुतेक माल खाली उतरलेला. निजलेल्या माणसात जे साचतं ते उभं राहिल्यावर वाहून जात असेल तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वाटणी 68 आणि 32, म्हणजे मागच्या स्कॅनशी जुळती, आणि क्रिएटिनिन 1.9 वर स्थिर. युरॉलॉजिस्टशी फोनवर बोलणं झालं. पुढची शस्त्रक्रिया नाही, स्टेंट नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी. दुखणं, ताप किंवा क्रिएटिनिनची चढती पायरी यांपैकी काही आलं तरच पुन्हा स्कॅन.

उजवी

डावीची गोष्ट अशी मार्गी लागली. उजवीची लागलेली नाही. ती का आकसली? तिच्यात खडा नाही, तुंबारा नाही. साखर नाही, रक्तदाब आता 140 च्या आसपास, पण तो कारण की परिणाम हे सांगता येत नाही. वर्षभर खाल्लेल्या गोळ्यांचा वाटा असणार. दर उन्हाळ्यात वावरात सुकणाऱ्या शरीराचाही असू शकतो. गावात सगळ्यांचं उत्तर एकच: खारं पाणी. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या या पट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि घरटी मुतखड्याची नाहीतर किडनीची एक तरी कहाणी ऐकायला मिळते, तेव्हा लोकांनी तसं म्हणणं स्वाभाविक आहे. पण एका रुग्णाच्या किडनीवरून पाण्यावर आरोपपत्र लिहिता येत नाही, आणि न्यूक्लिअर स्कॅन तर त्याबाबत पूर्ण मुका आहे. किडनी किती काम करते ते तो सांगतो. का बिघडली ते सांगत नाही. एवढ्या आकसलेल्या किडनीची बायोप्सी करण्यात धोका जास्त आणि हाती लागणारं कमी, म्हणून नेफ्रॉलॉजिस्टने ती टाळली.

मीठ कमी, रक्तदाबाची गोळी, रक्तवाढीचे उपचार, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, आणि उन्हात काम असेल त्या दिवशी पाण्याची बाटली बांधावरच, असं चाललं आहे. मेडिकलवाल्याला मी स्वतः भेटून सांगितलं की या माणसाने कितीही मागितली तरी ती गोळी द्यायची नाही. तो हो म्हणाला. शेजारच्या गावातही मेडिकल आहे, याची मला कल्पना आहे.

मागच्या आठवड्यात तो धाकट्या भावाला घेऊन आला. वय 39, त्याच विहिरीवर वाढलेला, तक्रार काही नाही. "सायेब, याचंबी थे नागपूरवालं करून टाका एकदा, म्हंजे खटका नाही." मी भावाचा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, रक्तदाब आणि सोनोग्राफी एवढंच लिहून दिलं. क्रिएटिनिन 1.1, लघवी साफ, दोन्ही किडन्या दहा सेंटीमीटरच्या आणि सारख्या. नागपूरची चिठ्ठी दिली नाही. दोन किडन्यांत वाटणी कशी आहे हा प्रश्नच जिथे उभा नाही, तिथे त्याचं उत्तर आणायला पैसे आणि रोज बुडवून धाडायचं कारण नव्हतं. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा रक्त तपासायला ये म्हणून सांगितलं, आणि मोठ्याला विचारलं, गोळी कुठून आणत नाही ना?